पहिल्या पिढीतले संशोधक प्राध्यापक कसे होतील? एका नव्या मार्गदर्शकाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सहायक प्राध्यापक असताना नुकतीच तुम्हाला पीएच.डी.ची मार्गदर्शक-मान्यता मिळाली. नियमाप्रमाणे तुमच्याकडे चार विद्यार्थी घेता येतात, त्यांतले दोन आले आहेत. एक मुलगी नंदुरबारमधल्या धडगावकडची, पावरा या आदिवासी समाजातली. दुसरा मुलगा बीडमधल्या शिरूर कासारचा, एनटी-डी (भटक्या जमाती-ड) प्रवर्गातला, आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. दोघांच्याही घरात याआधी कुणी पदवीपर्यंत पोचलेले नाही आणि दोघांनाही प्राध्यापक व्हायचे आहे. "प्रबंध मी करून घेईन, पण त्यापलीकडे काय करायला हवे?" असे तुम्ही विचारता.

पहिल्या वर्षापासून नोकरीची तयारी प्रबंधाच्या बरोबरीने चालवा आणि ती स्वतःची जबाबदारी माना, हे माझे उत्तर. प्राध्यापकाच्या घरातल्या मुलाला लेख कुठे द्यायचा, नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा कधी द्यायची, कोणत्या परिषदेत कुणाला भेटायचे, हे जेवता जेवता कळते. तुमच्या दोघांना हे सांगणारे तुम्ही एकटे आहात. तुम्ही बोलला नाहीत, तर मुलाखतीच्या यादीत नाव आले नाही त्या दिवशी त्यांना ते कळेल, आणि तोवर चार-पाच वर्षे निघून गेलेली असतील. २०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशातल्या एकूण अध्यापकांत अनुसूचित जातींचे सुमारे ९ टक्के आणि अनुसूचित जमातींचे सुमारे २.५ टक्के होते. केंद्रातले आरक्षण अनुक्रमे १५ आणि ७.५ टक्के आहे. ही दरी बरीचशी पदवी आणि नेमणूक यांच्या मधल्या टप्प्यात पडते, आणि त्या टप्प्यावर मार्गदर्शकाच्या हातात पुष्कळ असते.

सुरुवात गुणांच्या तक्त्यापासून करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) २०१८ च्या विनियमांत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकपदासाठी मुलाखतीला कुणाला बोलवायचे, हे ठरवणारा शंभर गुणांचा तक्ता आहे. महाविद्यालयांसाठी थोडा वेगळा आहे. विद्यापीठाच्या तक्त्यात पदवीला ६० ते ८० टक्के असतील तर १३ गुण, ५५ ते ६० असतील तर १०. पदव्युत्तरला ६० ते ८० टक्क्यांना २३. पीएच.डी.ला ३०. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणाऱ्या संशोधन अधिछात्रवृत्तीसह नेट असेल तर ७, नुसती नेट ५, सेट ही राज्याची पात्रता परीक्षा असेल तर ३. शोधनिबंधांना प्रत्येकी २, जास्तीत जास्त १०. अध्यापनाच्या किंवा पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या दर वर्षाला २, जास्तीत जास्त १०. उरलेले पुरस्कारांना.

आता एक उदाहरण मांडून बघा. बी.ए.ला ५८ टक्के, एम.ए.ला ६२, पीएच.डी., सेट, दोन शोधनिबंध, अनुभव शून्य. बेरीज १० + २३ + ३० + ३ + ४, म्हणजे ७०. त्याच मुलाकडे जेआरएफ, पाच शोधनिबंध आणि तीन वर्षांचा मान्य अनुभव असता तर १० + २३ + ३० + ७ + १० + ६, म्हणजे ८६. बी.ए.च्या वर्षी घरी पैसे नव्हते, कोयत्यावर जावे लागले, म्हणून गेलेले टक्के परत येत नाहीत. पण बाकीच्या सोळा गुणांतले जेआरएफचे आणि शोधनिबंधांचे दहा प्रबंध चालू असतानाच मिळवता येतात, अनुभवाचे सहा त्यानंतर. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी पहिल्याच महिन्यात ही बेरीज त्याच्या हाताने करायला लावतो. कोऱ्या कागदावर आजचे गुण, शेजारी तीन वर्षांनंतरचे. बहुतेकांनी हा तक्ता तोवर पाहिलेलाही नसतो. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने नव्या विनियमांचा मसुदा मांडला आणि राज्य शासनाचे आदेशही बदलत असतात, त्यामुळे जाहिरात निघेल त्या दिवशीचा नियम वाचायची सवय त्यांना आतापासून लावा.

पीएच.डी. होणार म्हणून नेट-सेट सोडून देऊ नका. २०२३ पासून नेट किंवा सेट हीच सहायक प्राध्यापकपदाची किमान पात्रता आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक आहे. जेआरएफसाठी वयाची अट ३० वर्षांची, महिलांना आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत. म्हणजे तुमच्या दोघांना अजून वेळ आहे, पण फार नाही. नेट वर्षातून दोनदा होते, उणे गुण नाहीत. सेटला वयाची अट नाही, ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ महाराष्ट्र आणि गोव्यासाठी घेते. दोन्ही परीक्षांचा पहिला पेपर सगळ्या विषयांना सामाईक असतो आणि खेड्यातून आलेली मुले बहुतेक वेळा तिथेच अडतात, कारण तर्क आणि आकडेवारीच्या प्रश्नांचा सराव कुणी करून घेतलेला नसतो. विषयाच्या पेपरात ती कमी पडत नाहीत.

पैशांबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण मुले संशोधन सोडतात ती बहुतेक पैशांमुळे. जेआरएफची रक्कम जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आहे, दोन वर्षांनी ४२,०००. तुमच्या विद्यार्थिनीसाठी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, मुलासाठी नागपूरच्या महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थेची. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी, याही राज्याच्याच संस्था. या सगळ्यांच्या जाहिरातींच्या तारखा तुमच्या भिंतीवर लागलेल्या हव्यात. मुले गावी असतात, नेटवर्क नसते, आणि अर्जाची खिडकी पंधरा-वीस दिवसांत बंद होते.

मंजुरी मिळाली तरी पैसे वेळेवर येत नाहीत हे तुम्ही पाहिलेच असेल. सहा-सहा महिने रक्कम थकते. हैदराबाद विद्यापीठातला संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला याच्या शेवटच्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या अधिछात्रवृत्तीचा, एक लाख पंच्याहत्तर हजारांचा उल्लेख आहे. जानेवारी २०१६ मधली त्याची आत्महत्या प्रत्येक मार्गदर्शकाने लक्षात ठेवायला हवी. या साखळीतला एक दुवा आपण स्वतः असतो. हजेरीपत्रक, सहामाही प्रगती अहवाल, खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र, घरभाड्याचा अर्ज या सगळ्यांवर मार्गदर्शकाची सही लागते. ती सही त्याच दिवशी करा. विद्यार्थी फॉर्म घेऊन केबिनबाहेर उभा आहे आणि सर मीटिंगला गेलेत म्हणून हप्ता पुढच्या तिमाहीवर गेला, असे मी शेजारच्या विभागांत पुष्कळदा पाहिले आहे. विभागप्रमुखांकडे आणि लेखा शाखेत फाइल कुठे अडली आहे ते तुम्ही फोन करून विचारा. तुमच्या एका फोनने जे होते ते त्याच्या दहा चकरांनी होत नाही.

आणि अधिछात्रवृत्तीतून घरी किती जातात ते एकदा विचारा. ऊसतोडीच्या घरातला मुलगा महिन्याला ३७,००० घेतो हे तोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमालाही कळलेले असते. बहिणीचे लग्न, वडिलांची उचल फेडणे, धाकट्याचे कॉलेज, सगळे त्याच्याकडे येते. त्याला उपदेश करू नका. फक्त पुस्तके, क्षेत्रभेटी आणि परिषदेची नोंदणी यांसाठीचा आकस्मिक निधी संशोधनावरच खर्च होईल एवढे पाहा. ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल या हंगामात आईवडील कारखान्यावर असतात आणि घरची म्हातारी माणसे, धाकटी भावंडे याच्यावर पडतात. प्रकरण सादर करायच्या तारखा शक्यतो त्या काळात ठेवू नका. बाबासाहेबांचे उदाहरण आपण सारखे देतो, पण त्यातला हा भाग विसरतो: बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांना लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. १९१८ ते १९२० सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून, पैसे साठवून आणि शाहू महाराजांच्या मदतीने ते पुन्हा लंडनला गेले. एवढ्या माणसाचीही तीन वर्षे पैशांनी घेतली.

मुलीच्या बाबतीत आणखी एक. पीएच.डी.च्या २०२२ च्या विनियमांत कमाल मुदत सहा वर्षांची आहे आणि महिलांना दोन वर्षे जास्तीची सवलत आहे. शिवाय प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. हे तिला आजच सांगा, लग्नाची बोलणी सुरू होण्याआधी. "आता काय, नोंदणी रद्दच होणार" असे समजून कित्येक मुली गप्प घरी बसतात आणि मार्गदर्शकाला वर्षभराने कळते.

अध्यापनाच्या अनुभवाकडे वळतो. त्याच २०२२ च्या विनियमांत प्रत्येक संशोधकाला त्याच्या विषयाच्या अध्यापनाचे आणि लेखनाचे प्रशिक्षण द्यावे असे म्हटले आहे, आणि आठवड्याला चार ते सहा तास अध्यापन-साहाय्याचे काम देता येते. बहुतेक ठिकाणी हे कागदावरच आहे. तुम्ही ते खरे करा. दुसऱ्या वर्षी त्याला एक पूर्ण घटक शिकवायला द्या, तुम्ही मागच्या बाकावर बसा, तास संपल्यावर लगेच बोला. पहिल्या तासाला मुले बहुधा फळ्याकडे तोंड करून नोट्स वाचतात. तिसऱ्या-चौथ्या तासापर्यंत एखादा विद्यार्थी शंका विचारतो आणि यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आपण शिक्षक आहोत असे दिसते. विभागप्रमुखांच्या सहीने या कामाचे पत्र दर सत्राला करून घ्या.

तासिका तत्त्वावरच्या (सीएचबी, तासाप्रमाणे मानधनाच्या) कामाबद्दल मात्र सावध राहा. सीएचबी मिळाली की मुले खूश होतात, चार पैसे येतात, आणि मग दोन महाविद्यालयांत धावपळ करताना प्रबंध मागे पडतो. शिवाय पूर्णवेळ अधिछात्रवृत्ती घेत असताना दुसरीकडे मानधन घेता येते का, हे त्या योजनेच्या अटींत पाहावे लागते. नाहीतर वसुली निघते. माझा सल्ला असा की प्रबंध सादर केल्यानंतरच सीएचबी घ्यावी, आणि घेताना नियुक्तिपत्र, विद्यापीठाची मान्यता आणि वर्षअखेरीचे अनुभव प्रमाणपत्र ही तिन्ही हातात असल्याशिवाय वर्ष संपू देऊ नये. तोंडी नेमणुकीवर वर्षानुवर्षे शिकवलेली माणसे छाननीत अनुभवाला शून्य गुण घेऊन बसलेली मी पाहिली आहेत. त्यांनी शिकवलेले तास खरे होते, पण कागद नव्हता.

लेखनात तुमचा सगळ्यात जास्त वेळ जाईल आणि तो जाऊ द्या. माझ्याकडे रायगड जिल्ह्यातला एक कातकरी समाजातला विद्यार्थी होता, विषय हंगामी स्थलांतर. पहिले प्रकरण आणले त्यात प्रत्येक परिच्छेद "असे विविध तज्ज्ञांचे मत आहे" इथे संपत होता. त्याचे स्वतःचे एकही वाक्य नव्हते. मी कागद बाजूला ठेवले आणि विचारले, वीटभट्टीवर जाताना उचल कशी ठरते? तो अर्धा तास बोलला. पावसाळ्यात घरात धान्य संपते तेव्हा भट्टीवाला किती देतो, जोडप्याला किती, लेकरू हाताशी असेल तर किती, हंगाम संपताना हजार विटांच्या हिशेबात काय कापले जाते, आणि हिशेब कुणाच्या वहीत असतो. यातले एक अक्षर प्रकरणात नव्हते. का नाही लिहिले, तर म्हणाला, "सर, हे तर आमच्या घरचं आहे, हे थीसिसमध्ये कसं लिहायचं?" त्याच दुपारी विभागाच्या वाचनालयात बसून त्याने ते सात पानांत लिहिले. पुढे तेच प्रबंधाचे मुख्य प्रकरण झाले आणि त्यातूनच पहिला शोधनिबंध निघाला. घरून आलेल्या माहितीलाही पुरावा लागतो, मुलाखती, तारखा, आकडे लागतात, हे त्याला शिकवावे लागले. पण ती माहिती संशोधनाच्या मोलाची आहे हे आधी कुणीतरी सांगायला हवे होते. धडगावच्या मुलीला हाच प्रश्न विचारून बघा.

भाषेची अडचण खरी आहे. सामाजिक शास्त्रांत अनेक विद्यापीठांत मराठीत प्रबंध लिहिता येतो आणि मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे. पण वाचन इंग्रजीत करावेच लागते आणि केंद्रीय संस्थांतली मुलाखतही बहुधा इंग्रजीत होते. म्हणून आठवड्याला एक इंग्रजी लेख दोघांनी वाचायचा आणि त्याचा सारांश एका पानात मराठीत लिहायचा, मग तोच इंग्रजीत तोंडी सांगायचा, असा क्रम ठेवा. वर्षभरात फरक दिसतो. पहिला लेख मराठीत समाज प्रबोधन पत्रिका किंवा अर्थशास्त्र असेल तर अर्थसंवाद अशा ठिकाणी पाठवायला लावा. तिथे संपादक दुरुस्त्या सांगतात, लेख परत येतो, पुन्हा लिहावा लागतो. हे शिक्षण पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकात मिळत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, बंद केली. तेव्हापासून चांगले नियतकालिक ओळखायची जबाबदारी संस्थेवर आणि आपल्यावर आली आहे. "दोन हजार भरा, आयएसएसएन आहे" असे मेसेज मुलांच्या फोनवर रोज येतात (आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक). अशा ठिकाणी छापलेले पाच लेख छाननीत गुण देतीलही, पण मुलाखतीत एखाद्या जाणत्या सदस्याने यादी वाचली की मुलगा मान खाली घालून बसतो.

ओळखींचा मुद्दा बोलायला लोक लाजतात. प्राध्यापकांच्या जगात तुमचे काम कोण ओळखतो याला महत्त्व आहे आणि वंचित घरांतल्या मुलांकडे ती पुंजी नसते. ती आपण द्यायची. परिषदेला जाल तेव्हा विद्यार्थ्याला बरोबर न्या, चहाच्या वेळी ज्येष्ठांसमोर उभे करा आणि "ही माझी विद्यार्थिनी" एवढ्यावर न थांबता तिचे संशोधन काय सांगते ते दोन वाक्यांत तिलाच सांगू द्या. तिचा लेख बाहेरच्या एखाद्या अभ्यासकाला स्वतःच्या ईमेलने पाठवा. अमेरिकेत सदर्न रीजनल एज्युकेशन बोर्ड या दक्षिणेकडच्या राज्यांच्या शिक्षणसंस्थेने १९९३ मध्ये कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूलनिवासी अशा पीएच.डी. विद्यार्थ्यांना प्राध्यापकपदापर्यंत नेण्याचा कार्यक्रम सुरू केला. त्यात आर्थिक मदतीच्या जोडीला दरवर्षी सगळ्या विद्यार्थ्यांना आणि मार्गदर्शकांना काही दिवस एकत्र आणत, अध्यापन आणि नोकरीच्या तयारीची सत्रे घेत. आपल्याकडे चार-पाच महाविद्यालयांच्या संशोधन केंद्रांनी मिळून वर्षातून दोन दिवस असे केले तरी खर्च फार येणार नाही. विभागात एकट्या पडलेल्या मुलीला तिच्यासारख्या दहा जणी भेटणे, याची किंमत मला शब्दांत सांगता येणार नाही.

कागदपत्रांचे लवकर सांगून टाकतो, पण हलके घेऊ नका. राज्यातल्या राखीव पदाला जात वैधता प्रमाणपत्र लागते. अभियांत्रिकी-वैद्यकीयच्या मुलांनी ते प्रवेशावेळीच काढलेले असते, कला शाखेतल्या अनेकांना पीएच.डी.पर्यंत कुणी विचारलेलेच नसते. अनुसूचित जमातींच्या प्रकरणांत आजोबा-पणजोबांचे १९५० च्या आधीचे शाळेचे किंवा महसुली दाखले शोधावे लागतात आणि समितीकडे वेळ लागतो. ते काम आत्ताच सुरू करा. मुलासाठी नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत बघा. शिवाय एनटी-डी हा प्रवर्ग फक्त राज्याचा आहे. केंद्रात तो नाही. केंद्रीय विद्यापीठात अर्ज करताना जात केंद्राच्या यादीत असल्याची खात्री करून केंद्राच्या नमुन्यातले ओबीसी प्रमाणपत्र वेगळे काढावे लागते. राज्याचा नमुना जोडला म्हणून छाननीतच बाद झालेली मुले आहेत. बिंदुनामावली, म्हणजे कितवे पद कोणत्या प्रवर्गाला हे ठरवणारा क्रम, तीही समजावून सांगा. विभाग हे एकक धरले की चौथे पद ओबीसी, सातवे एससी आणि चौदावे एसटी असे येत होते आणि छोट्या विभागात आदिवासी उमेदवाराची पाळी कधीच येत नव्हती. केंद्रीय संस्थांपुरते २०१९ च्या कायद्याने संपूर्ण संस्था हे एकक ठरवले.

मुलाखतीची तयारी शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. प्रबंध सादर झाला की तीन सहकाऱ्यांना बसवून सराव मुलाखत घ्या. त्यांतला एक दुसऱ्या विषयाचा असावा आणि एकाने मुद्दाम मध्येच तोडावे. आपल्या मुलांची एक लकब तुमच्याही लक्षात आली असेल. खुर्चीच्या कडेवर बसतात आणि पहिले वाक्य, "सर, मी ग्रामीण भागातून आलो आहे, त्यामुळे..." तिथेच थांबवा. पहिले वाक्य संशोधनाचे हवे: मी काय शोधले, आधी लोक काय मानत होते, माझ्या कामाने काय बदलले. दोन मिनिटांत, न अडखळता. मग त्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम पुढे ठेवून विचारा, यातले कोणते दोन पेपर सोमवारपासून शिकवाल? दहा मिनिटे फळ्यावर शिकवून दाखवायला लावा. जातीवरून, आडनावावरून, "आरक्षणातून आलात का" असा प्रश्न आला तर काय करायचे, हेही आधी बोलून ठेवा. शांतपणे "माझ्या संशोधनाबद्दल सांगतो" म्हणून पुढे जायचे, आणि बाहेर आल्यावर प्रश्न, वेळ, उपस्थित सदस्य हे लगेच लिहून ठेवायचे.

कारण उमेदवार असूनही राखीव पद "योग्य उमेदवार आढळला नाही" असा शेरा मारून रिकामे ठेवले जाते, हे देशभर घडते आणि संसदेतही यावर प्रश्न विचारले गेले आहेत. २०१८ च्या विनियमांनुसार राखीव प्रवर्गातला, अल्पसंख्याक, महिला किंवा दिव्यांग उमेदवार असेल आणि समितीत त्या वर्गाचा कुणी सदस्य नसेल, तर तसा एक शिक्षणतज्ज्ञ नेमावा लागतो. तो होता का, हे विचारता येते. माहिती अधिकारात छाननीचे गुण आणि निवड समितीचे इतिवृत्त मागता येते. हा अर्ज विद्यार्थ्याला एकट्याला करायला लावू नका, मसुदा तुम्ही बघून द्या. खासगी संस्थांतल्या पैशांच्या मागणीबद्दल तुम्ही विचारले नाहीत, पण मुले विचारतील. त्यांना सांगा की शेत विकून आणि कर्ज काढून असे पद घेऊ नका. आणि त्याच वेळी दुसरा पर्याय हातात द्या: राज्याबाहेरची विद्यापीठे, केंद्रीय संस्था, पीएच.डी.नंतरची संशोधनवृत्ती, प्रकल्पातले काम.

पदवी मिळाल्यापासून पहिली नेमणूक मिळेपर्यंत दोन-तीन वर्षे जाऊ शकतात. त्या काळात वसतिगृह सुटते, ग्रंथालयाचे कार्ड बंद होते, नियतकालिके दिसत नाहीत, गावात लोक विचारतात. बहुतेक मार्गदर्शक मौखिक परीक्षेचा फोटो काढून मोकळे होतात. तुम्ही या दोघांना तुमच्या प्रकल्पावर घ्या, नाही जमले तर संशोधन केंद्राशी संलग्न ठेवा म्हणजे ग्रंथालय सुरू राहील. महिन्यातून एकदा फोन करून कुठे जाहिरात आली, कुठे अर्ज केला ते विचारा, आणि शिफारसपत्र मागायची वेळ येऊ देऊ नका, तयार ठेवा.